ओरखडा

"हात दाखव, बघू," मुकादम रॉइस म्हणाला.

ऑफेलियानं मनगट पोटाशी दाबून धरलं होतं. पांढऱ्या एप्रनवर रक्त पसरत होतं.

नेब्रास्कातल्या त्या कत्तलखान्यात ती तरुणपणापासून हाडावरचं मांस सोडवत आली होती. आज मांसाचा पट्टा फार जोरात चालला होता. "जरा हळू कर, माणसं आहोत," एवढंच ती मुकादमाला म्हणाली. रॉइसनं मागून तिची मान धरली आणि तिला ढकललं. शेजारच्या फिलेमोनची सुरी हातमोज्याच्या वर मनगटात शिरली, ती हाडाला लागून थांबली.

"ओरखडा आहे," रॉइस म्हणाला.

तिथं सगळ्याच जखमांना ओरखडा म्हणत. मागं डेल नावाच्या कामगाराच्या बोटाचं पेर मांसाबरोबर पट्ट्यावरून पुढं गेलं, तोही ओरखडाच होता. महिनाभर कुणाच्या इजेची नोंद झाली नाही, की कारखान्याकडून बक्षीस म्हणून प्रत्येकाच्या घरी मांसाचा खोका जाई. हा महिना तर थँक्सगिव्हिंगच्या सणाचा, घरोघरी मोठ्या जेवणाचा.

"चिंधी बांध गं," पट्ट्याच्या पलीकडून डार्लीन म्हणाली. "माझ्याकडं सगळं गोत जेवायला यायचंय. त्यांना काय तुझा हात वाढू?"

दोघं-तिघं हसले. फिलेमोन हसला नाही. "मी नाही मारली, बाई," तो पुटपुटत होता.

रॉइस तिच्या कानाशी वाकला. "तोंड उघडलंस तर सांगेन, त्यानंच भोसकली. मग बसू दे त्याला तुरुंगात."

तरी ती कारखान्यातल्या नर्सकडं गेली. रॉइसही मागोमाग आला. नर्सनं विचारायच्या आत म्हणाला, "ओरखडा आहे."

"मूठ कर," नर्स तिला म्हणाली.

अंगठा वळला. बाकीची बोटं सरळच राहिली. ऑफेलियानं दात आवळून पुन्हा जोर लावला. मग बोटांकडं बघतच बोलली, "याला ओरखडा नाही म्हणत. यानं मला मानेला धरून सुरीवर ढकललं. फिलेमोननं काही केलं नाही."

रॉइसनं औषधांचा ट्रे भिंतीवर फेकला. दोघा पहारेकऱ्यांनी त्याला ओढत बाहेर नेलं. नर्सनं इजा वहीत नोंदवली; सगळ्यांचे खोके गेले ते गेलेच.

इस्पितळाची गाडी यायची होती. कपडे बदलायच्या खोलीत ऑफेलिया बाकावर बसली. बाकीचे तिला वळसा घालून जात होते. रबरी बूट एका हातानं निघेना. डार्लीन समोरच्या बाकावरून उठली, तिच्यापुढं खाली बसली आणि टाच धरून एक बूट ओढून काढला.

"जनावरं," ती म्हणाली. कुणाला, ते कळलं नाही. उठून ती आपल्या जागी गेली.

दुसरा बूट ऑफेलियानं मोकळ्या पायानं दाबत हळूहळू काढला, आणि दोन्ही जोडीनं बाकाखाली लावून ठेवले.