मळवटाआधी चार तास

मी एक जुनी लशीची पेटी आहे. निळी, जाड भिंतींची, पांढऱ्या झाकणाची. बाहेर कितीही ऊन असो, आपण पोटात थंडावा धरून ठेवायचा, हे माझ्या नशिबी कारखान्यातच लिहिलं गेलं.

बावीस वर्षं मी सरकारी दवाखान्यातल्या नर्स शारदा सिस्टरांच्या खांद्यावरून कळंब तालुक्यातल्या वाड्यावस्त्या हिंडले. पोलिओच्या रविवारी मी दिसले की लेकरं लपायची आणि आज्या त्यांना शोधून बाहेर काढायच्या. काय रुबाब होता माझा! पुढे पट्टा तुटला, नव्या पेट्या आल्या, आणि माझ्यावर जुन्या वह्यांचा गठ्ठा येऊन बसला. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? सिस्टर निवृत्त झाल्या तेव्हा दवाखान्याच्या साहेबांना विचारून त्यांनी मला घरी आणलं आणि नवा पट्टा शिवला.

आता शारदा सिस्टर डॉक्टर वैष्णवींच्या खाजगी दवाखान्यात मदत करतात. डॉक्टर चेहऱ्याची प्लास्टिक सर्जरी शिकून आल्या आहेत. कुणाच्या गालाचा खड्डा भरतात, कुणाच्या अपघातात मोडलेल्या हनुवटीला आधार बसवतात. सुरकुत्या घालवायला बोटॉक्सच्या सुयाही देतात, पण त्या औषधाची बाटली थंड ठेवावी लागते. ती धाराशिवहून एस.टी.नं माझ्या पोटात बसून येते. सुरुवातीला मी नाक मुरडलं. हयात लेकरांसाठी झिजवली आणि म्हातारपणी सुरकुत्यांची हमाली! पण तुळजाबाई आल्या आणि माझी मिजास उतरली.

तुळजाबाई येरमाळ्याच्या येडेश्वरी देवीच्या आराधी मेळ्यात, म्हणजे देवीची गाणी म्हणणाऱ्या भक्तांच्या मंडळात, गायच्या. सहा वर्षांपूर्वी त्यांचा डावा डोळा आपोआप मिटू लागला, गाल वर ओढला जाऊ लागला. गाताना तर जास्तच. समोरची पोरं खिदळली, म्हातारी डोळा मारते म्हणाली. त्या दिवशी बाईंनी तोंडावर पदर ओढला आणि गाणं सोडलं. नात सृष्टीनं त्यांना कसंबसं दवाखान्यात आणलं.

सिस्टरांनी मला टेबलावर ठेवलं. बाईंनी मला बघताच ओळखलं आणि खुर्चीत बसून मुकाट्यानं 'आ' केला! डॉक्टर हसू दाबत म्हणाल्या, थेंब नाहीत, बारीक सुया आहेत. ओढणारे स्नायू सैल पडतील, तीन-चार महिने बरं वाटेल, मग पुन्हा सुया. पथ्य एकच, चार तास चेहरा चोळायचा नाही आणि आडवं व्हायचं नाही. नाहीतर औषध भलतीकडे सरकून पापणी लोंबेल.

सुया झाल्यावर तुळजाबाई देवीच्या पायाशी निघाल्या. काळजीपोटी सिस्टरही निघाल्या, आणि सवयीनं त्यांच्या खांद्यावर मी. देवळात ओळखीची आराधीण हळदीकुंकवाचं ताट घेऊन मळवट भरायला पुढं आली. कपाळभर हळदीकुंकू चोळायचं म्हणजे हात सुयांच्या जागेवर जाणारच. आणि आराधीण कधी मळवट नाकारत नाही. बाईंचे डोळे भरून आले.

"सिस्टर, मळवट न्हाय भरला तर आई काय म्हनंल?"

"आई कुठं पळून चाललीय का? चार तासानं भरा. तवर आमी बसतो तुमच्यासंगं."

आणि मित्रांनो, ती बाई खरंच चार तास खांबाला टेकून ताठ बसली. सृष्टी येणाऱ्याजाणाऱ्याला कारण सांगून दमली. आराधिणीनंही ताट खाली ठेवलं आणि शेजारी बसून राहिली. सिस्टरांनी घड्याळ बघून मान हलवली, तेव्हा कुठे अलगद बोटांनी मळवट भरला गेला. मला त्या सगळ्यांचा फार अभिमान वाटला.

पंधरा दिवसांनी, मंगळवारी, बाई मेळ्यात उभ्या राहिल्या. पहिल्या ओळीला त्यांनी पदर मुठीत घट्ट धरला होता. डोळा मिटला नाही. दुसऱ्या ओळीला मूठ सुटली, पदर खांद्यावर आला आणि आवाज कळसापर्यंत गेला. पोरं टाळ्यांचा ठेका धरून बसली होती. शारदा सिस्टर रडत होत्या आणि हसतही होत्या.

मित्रांनो, कुणाचा चेहरा आपोआप वाकडा होत असेल तर हसू नका. त्याला शिकलेल्या डॉक्टरांकडे न्या. औषधाचा असर उतरणार हे तुळजाबाईंना ठाऊक आहे. पुढच्या सुयांची तारीख धरूनच त्यांनी मेळ्याला होकार दिलाय. म्हणून एवढंच मागते, माझं झाकण नीट लावत जा. माझ्या पोटातला बर्फ वितळला, तर येरमाळ्यातलं एक गाणं थांबेल.