भिंतीवरचे तीन गुण

आल्बोरादा फुटबॉल क्लब तिसऱ्या विभागात गेला तो माझ्यामुळे, असं सगळी वस्ती म्हणते. बेकरीवालीसुद्धा म्हणते, जिला ऑफसाइड म्हणजे काय ते अजून कळलेलं नाही. म्हणू देत. पण झालं कसं, ते एकदा मला सांगू द्या.

आमचा क्लब कातडी खारवणाऱ्या मजुरांनी काढला, एकोणीसशे एकोणीस साली. शंभर वर्षांत एकदाच आम्ही पहिल्या विभागात गेलो, एक मोसम टिकलो आणि तळाला राहून परत आलो. त्या एका मोसमावर आमचे म्हातारे अजून मिशीला पीळ देतात. बाकी सगळं आयुष्य दुसऱ्या विभागात, वर जायच्या गप्पा मारत आणि खाली पडायच्या धास्तीत गेलं. आणि उरुग्वेत कोण खाली जाणार ते एका वर्षावर ठरत नाही, गेल्या तीन वर्षांची सरासरी बघतात. म्हणजे परवाचं शेणही या वर्षी निस्तरावं लागतं.

म्हणून आमच्या कँटीनच्या भिंतीवर तीन वर्षांचे गुण हिरव्या रंगात लिहिलेले असतात. लिहिणारे माझे वडील, इसिदोरो. वस्तीतल्या सगळ्या दुकानांच्या पाट्या त्यांच्याच हातच्या. दर सामन्यानंतर स्टुलावर चढून ते आकडा बदलणार आणि खाली उभी असलेली मंडळी टाळ्या वाजवणार, हरलो तरी.

दोन वर्षांपूर्वी आम्ही सान बेनितोला हरवलं. सान बेनितो म्हणजे ओढ्यापलीकडची वस्ती. माझी आत्या तिकडे दिली, त्या दिवसापासून बाबांनी तिच्या घरी पाणी प्यायलेलं नाही. त्या विजयाच्या आनंदात आमच्या लोकांनी मैदानात धूर सोडणाऱ्या पेटत्या नळ्या फेकल्या, आणि लीगने आमचे तीन गुण कापले. बाबांनी आकडा खोडायला साफ नकार दिला.

"मैदानात जिंकलेले आहेत. टेबलावर बसून कोणी टायवाल्याने कापले तर मी पुसायचे? माझा हात झडला तरी चालेल."

कँटीनमध्ये असा जल्लोष झाला म्हणता! मीही टेबल बडवलं. क्लबाने अपील केलं, ते वर्षभराने फेटाळलं गेलं, आणि तो कागद आमचे सेक्रेटरी इरिनेओ यांनी खणात टाकला. बाबांना सांगायचं कोणी? कागद आल्याचं माझ्याही कानावर आलं होतं. पण दोन वर्षं रोज त्या भिंतीखाली बसून माते, म्हणजे आमचा कडू चहा, प्यायला की भिंतीवरचाच आकडा खरा वाटायला लागतो. पेपरवाले फक्त पहिल्या विभागाची सरासरी छापतात. आमच्यासारख्यांची कोण छापतो?

तर मोसमाचा शेवटचा रविवार. भिंतीप्रमाणे आम्ही सुरक्षित होतो, सान बेनितो आमच्या दोन गुण खाली, आणि त्यांच्याही दोन गुण खाली फोर्तालेसा. खाली जाणार एकच. सान बेनितोचा शेवटचा सामना शुक्रवारीच उरकला होता, बरोबरीत. आमचा सामना फोर्तालेसाशी. आम्ही जिंकलो किंवा बरोबरी केली, तर फोर्तालेसा जाणार. आम्ही हरलो, तर सान बेनितो जाणार. हे गणित वस्तीतल्या शेंबड्या पोरालाही तोंडपाठ होतं.

शनिवारी दुपारी बाबांकडे जेवायला गेलो. त्यांनी स्वतः निखाऱ्यांवर मांस भाजलं होतं. सगळ्यात चांगला तुकडा माझ्या ताटात टाकला, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

"वाल्देमार, तुझं वय किती रे आता?"

"सदतीस. जन्माची नोंद तुम्हीच केलीत ना?"

"म्हणजे उद्याचा तुझा शेवटचाच सामना."

"बहुतेक."

"मग उद्या हर."

मला वाटलं थट्टा करतायत. पण त्यांनी हातातली सुरी खाली ठेवली होती. हे गृहस्थ आई आजारी असतानासुद्धा सामना चुकवत नसत, आणि मला म्हणत होते, हर.

"मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा झालो. सान बेनितो तिसऱ्या विभागात गेलेलं एकदा बघू दे मला. बाकी काही मागितलंय का तुझ्याकडे?"

"बाबा, मी गोलकीपर आहे."

"म्हणून तर तुलाच सांगतोय. फॉरवर्डला सांगून काय उपयोग, ते तसेही गोल करत नाहीत."

मी हसलो, त्यांना हसू आलं नाही. मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. आयुष्यभर गोलात उभं राहून मी एवढीच एक गोष्ट कमावली होती, की वाल्देमारने मुद्दाम सोडला असं कोणी म्हणू शकत नव्हतं. घरी जाताना मी ठरवलं, बाबांना काय म्हणायचं ते म्हणोत, मी खेळणार.

रविवारी मैदानात पाऊल टाकलं तर आमचीच माणसं फोर्तालेसाच्या नावाने ओरडत होती. माझ्या गोलामागे तर जत्रा भरली होती.

"वाल्दे, आज डोळ्यांत कचरा गेला असं समज!"

"अरे, गुडघे दुखतात ना तुझे? मग बस की जरा!"

"दादा, बायकोला फोन लाव, आम्ही बघतो इथलं!"

आमच्या फॉरवर्डने एकदा चुकून चांगला फटका मारला, तर आमच्याच लोकांनी त्याच्या आईचा उद्धार केला. फोर्तालेसाची पोरं बिचारी गोंधळून गेली होती, त्यांना स्वतःच्या मैदानावर एवढं प्रेम कधी मिळालं नव्हतं. पूर्वार्धात मी तीन चेंडू अडवले. तिसऱ्याला गोलामागून कोणीतरी तळलेल्या पोळीचा तुकडा माझ्या पाठीत मारला. मागे वळून बघितलं तर कठड्यावर रेलून बाबा उभे होते.

एकोणऐंशीव्या मिनिटाला त्यांच्या डावखुऱ्याने लांबून फटका मारला. फटका कसला, ढकललाच त्याने. चेंडू जमिनीवरून टप्पे खात माझ्या उजवीकडे आला. मी तो पहिल्यापासून बघितला होता. मी उडी मारली, होती नव्हती ती सगळी ताकद लावून मारली, आणि चेंडू माझ्या पंजाखालून गेला. पोहोचलोच नाही. पाच वर्षांपूर्वी तो मी झोपेत पकडला असता.

मैदान नाचायला लागलं. अनोळखी माणसं कठड्यावरून हात घालून माझ्या डोक्याचे मुके घेत होती. बाबांनी माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. "शाबास रे माझ्या वाघा," ते म्हणाले. मी मान सोडवून घेतली आणि जाळ्यातला चेंडू काढायला वळलो.

सामना एक शून्यने संपला आणि ओढ्यापलीकडे फटाके वाजू लागले.

"हे कशाला नाचतायत?" कोणीतरी विचारलं. "वेडे झाले काय दुःखाने?"

कोणीतरी रेडिओ लावला. निवेदक लीगचे अधिकृत गुण वाचत होता. आमच्या भिंतीपेक्षा तीन कमी. सान बेनितोच्याही एका गुणाने खाली, सगळ्यांत तळाला, आम्हीच होतो. बरोबरी झाली असती तरी वाचलो असतो. इरिनेओ खुर्चीत बसून दोन्ही हातांनी डोकं धरून म्हणाले, "खणात आहे कागद, खणात आहे." मघाशी मुके घेणाऱ्यांतलाच एकजण माझ्यावर थुंकला. "विकलास आम्हाला," तो म्हणाला. मला राग आला नाही. बाहीने गाल पुसला आणि हातमोजे काढले.

बाबा क्लबात जायचे बंद झाले. इरिनेओने भिंतीला चुना फासला, तेही बघायला गेले नाहीत. चौथ्या दिवशी सकाळी मी त्यांच्याकडे गेलो. परसात बसले होते, दाढी वाढलेली, समोरचा माते तसाच निवलेला.

"वाल्देमार, माझं चुकलं," ते म्हणाले. "तुला मी करायला लावलं. शंभर वर्षांचा क्लब मी बुडवला, आणि शिव्या तू खातोयस."

हे मला बघवेना. सांगून टाकायचं ठरवलं.

"बाबा, मी तो सोडला नाही. तुमचं ऐकलंच नव्हतं मी. जीव तोडून उडी मारली, पोहोचलो नाही. तुमचा काही दोष नाही."

त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"बापाला सोडवायला खोटं बोलतोस."

"खोटं नाही."

"अरे, मी गोलामागेच उभा होतो. लोळत आलेला चेंडू तो. वीस वर्षं बघतोय मी तुला. एवढा वाईट गोलकीपर तू कधीच नव्हतास."

सांगायला लाज वाटते, पण ते ऐकून मला बरं वाटलं. अजून एकदा नेटाने सांगितलं असतं, हात दाखवले असते, शपथ घेतली असती, तर कदाचित पटलं असतं त्यांना, आणि क्लब आपण बुडवला हे ओझं उतरलं असतं.

"नव्हतो, बाबा," मी म्हटलं.

त्यांनी मान डोलावली, आणि माझ्या गुडघ्यावरचा हात काढून घेऊन ते रडायला लागले.