झडपेतली पाचर

झाडूच्या दांड्यातून कापलेली बोटभर पाचर.

गव्हाच्या कोठारांमागे धूर.

एक पाटी : सपाट तळव्याच्या बुटांशिवाय हिरवळीवर पाऊल टाकू नये.

आतून निळा दिवा लागणारी काचेची किटली.

निळं पाणी.

पाणी नोरीन टिपेटला दिसलं, तेव्हा ती येलांबी गावच्या बोलिंग क्लबात चहाचं मोठं पातेलं नळाखाली धरून उभी होती. गोळे घरंगळवून खेळायची क्लबची हिरवळ तीच राखायची, फुकट, हौसेनं. शनिवारी अंतिम सामना होता, म्हणून दुपारपासून तिने फवाऱ्यांतून गवताला निळं द्रवखत सोडलं होतं. आता नळाची धार बारीक झाली, फुरफुरली, आणि निळी आली.

"आगीच्या बंबानं पाणी ओढायला घेतलं गं," व्हरांड्यात चारचौघांसोबत धूर बघत बसलेला बेव्हन ओरडला. "आता तुझ्या फवाऱ्यांना थेंब मिळायचा नाही!"



गावच्या नळाला जोर उरला नव्हता आणि खताचं पाणी मागे फिरलं होतं. असं होऊ नये म्हणून तर क्लबच्या भिंतीशी ती पितळी झडप होती. पाणी उलटं फिरू लागलं, की झडप खालच्या तोंडातून ते जमिनीवर ओतून टाकते. दर वर्षी तिची चाचणी करून घ्यावी लागते. यंदाची राहिली होती, कारण त्या तोंडात पाचर होती.

पाचर नोरीननेच ठोकली होती. उन्हाळाभर झडप ठिबकत होती. सगळ्या गावाला पाणी मोजून दिलेलं, आणि बेव्हन येता-जाता चारचौघांत म्हणायचा, "आमच्या गुलाबांच्या काड्या झाल्या, नोरीनबाई, आणि तुमची झडप बघा, दिवसभर मुततेय!" सगळे हसायचे. चाचणी झाली असती तर झडप नापास, पाणी बंद, हिरवळ करपली. सामना होऊन जाऊ दे, मग काढू, असं तिने ठरवलं होतं.

ती धावत बाहेर गेली. खताचा पंप बंद. मोठा कॉक बंद. मग चाचणीवाल्या वासिलिसला फोन.

"वासिलिस, खत मागे गेलंय. गावच्या नळात."

"जाईल कसं? झडप ओतून टाकेल ना ते."

"खालचं तोंड मी बुजवलंय."





"काय केलंस बाई हे! पाणीखात्याला मी सांगतो. तुझ्या नळावर पुढचं घर कुणाचं?"

पुढचं घर टॅम्झिनचं होतं. हिरवळीच्या पलीकडच्या कुंपणाला लागून. टॅम्झिन तिची सख्खी भाची, आणि टॅम्झिनची फ्रेया अडीच महिन्यांची, वरच्या दुधावर. खताचं पाणी पोटात गेलं तर एवढ्याशा बाळाचं रक्त प्राणवायू धरत नाही, बाळ निळं पडतं. खत वापरायचा परवाना घेताना नोरीनला हे शिकवलं होतं. उकळून उपयोग नाही, हेही.

टॅम्झिनचा फोन वाजत राहिला.

रस्त्याने गेलं तर अख्ख्या क्लबाला वळसा. नोरीन हिरवळीवर उतरली. कामाचे जड बूट, खाली ओली माती, प्रत्येक पावलाला खड्डा.

"बूट! अगं नोरीन, बूट!" व्हरांडा उठून उभा राहिला. "वेड लागलं का? शनिवारी खेळायचंय त्यावर!"

तिने मागे पाहिलं नाही. कुंपणाच्या तारेत बाही फाटली.

"टॅमी! पाणी! पाणी देऊ नकोस तिला!"

टॅम्झिन मागच्या दारात आली, ओठांवर बोट ठेवून. "हळू गं मावशी. आत्ता कुठे डोळा लागलाय."

"दूध कधी केलंस?"

"आत्ताच. अख्खी बाटली संपवली राणीनं. का?"

"पाणी कुठलं?"

"किटलीतलं. उकळलेलं." टॅम्झिनचा आवाज बारीक झाला. "मावशी, का?"

ओट्यावर काचेची किटली निळी दिसत होती. नोरीनने बटण बंद केलं. दिवा विझला. पाणी निळंच राहिलं.

"ती नेहमीच निळी दिसते," टॅम्झिन म्हणाली. "दिव्यामुळे. मला वाटलं..."

गावची एकुलती रुग्णवाहिका आगीपाशी होती. टॅम्झिनने गाडी काढली. नोरीन मागे बसली, मांडीवर फ्रेया, तिच्या दुधाच्या बाटलीवर काढलेल्या सशासारखीच गोलमटोल, झोपलेली. दवाखाना शेजारच्या गावात. रस्ता सरळ, दोन्ही बाजूंना कापलेली गव्हाची रानं, पुढे धूर.

"मावशी, रंग सांग."

"गुलाबी."

"ओठ बघ. नखं बघ."

"बघतेय. गुलाबी आहेत. तू रस्त्याकडे बघ."

नोरीनने अंगठ्याने बाळाचा खालचा ओठ हलकेच ओढला. झाडांच्या सावल्या तोंडावरून जात होत्या, कळत नव्हतं. तिने बाळाला काचेशी, उन्हात धरलं. उन्हात कळलं.

"मावशी, रंग?"

नोरीनने बाळाची नखंही उन्हात धरून पाहिली.

"मावशी!"

"जोरात चालव," नोरीन म्हणाली.

याच आठवड्यात, मंगळवारी सकाळी, वासिलिस झडपेच्या चाचणीसाठी आला होता, आणि नोरीनने क्लबच्या फाटकाला आतून कुलूप लावून ठेवलं होतं.