आंब्याला मोड आला

दीपाली लांज्याजवळच्या खेड्यातली. आता रत्नागिरीच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायची आणि एका गोष्टीनं झपाटलेली होती: हापूसमधला साका कापायच्या आधी दिसायला हवा. बाहेरून पिवळाधमक, सुगंधी आंबा कापावा आणि आत पांढरट, भुसभुशीत, आंबट गर निघावा, तो साका. मांडवीचे आंबा व्यापारी गनीचाचा त्यापायी दर हंगामात गिऱ्हाइकांची बोलणी खात. दीपालीला प्रयोगासाठी आंबे तेच पुरवायचे.

साध्या एक्स-रेत बाठा उठून दिसे, पण गर सगळा सारखाच करडा. खरं तर किरण गरातून जाताना केसभर वळतात. ते वळण टिपलं की आतला बारकावा उमटतो. दीपालीची खटपट त्यासाठीच चालली होती, पण चित्र काही उमटेना. शेवटी तिच्या लक्षात आलं की कॅमेरा आंब्याच्या फार जवळ आहे. वळलेल्या किरणांना फाकायला जागाच मिळत नाही. तिनं यंत्राची शिशाचे पत्रे लावलेली पेटी खोलीभर लांब करून घेतली आणि कॅमेरा पार दुसऱ्या टोकाला नेला.

त्या सकाळी गनीचाचांनी स्वतः निवडलेला आंबा तिच्या हातात दिला.

"ह्यात साका निघाला तर धंदा सोडीन."

तिनं तो पेटीत ठेवला आणि दोघं खोलीबाहेर, संगणकाच्या पडद्यासमोर येऊन बसली. पडद्यावर हळूहळू आंबा उमटला. गरातला धागा न् धागा दिसत होता, आणि बाठ्याला लागून साबणाच्या फेसासारखे बुडबुडे.

"साका आहे, चाचा."

"गप गो."

तिनं बाठा मोठा करून दाखवला. आतल्या कोयीला इवलासा मोड फुटला होता.

"बी झाडावरच रुजायला निघालंय. बहुतेक त्यानंच गरातलं पाणी ओढून घेतलं."

गनीचाचा पडद्याजवळ वाकले. मग म्हणाले, "म्हणजे आंबा पोटुशी आहे म्हण की. आणि आम्ही इतकी वर्षं त्याला शिव्या घालतोय."

कापला, तर गर पांढराच. चाचा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले आणि त्यांनी फोन करून बायकोला, बिल्किसचाचींना, बोलावून घेतलं. चाचींनी तो मोड निरखून पाहिला आणि बाठा ओल्या फडक्यात गुंडाळून पिशवीत ठेवला.

"हा मी परसात लावणार," त्या म्हणाल्या.

मग उरलेले आंबे एकेक करून पेटीत जाऊ लागले. चित्र येण्याआधी चाची "साका" किंवा "बरा" म्हणून पैज लावायच्या, बहुतेक वेळा हरायच्या, आणि बरा निघालेला आंबा तिथंच कापून तिघांत वाटायच्या.