उणे एक

मी एक जुने फंक्शन आहे. मित्रांनो, नाव ऐकून हारतुरे आणि भाषणे शोधू नका. उबवणी यंत्राच्या चिपमध्ये राहणारा, प्रोग्रामचा सात ओळींचा तुकडा म्हणजे मी. कोणी विचारले की सेन्सरकडून आतले तापमान घ्यायचे आणि विचारणाऱ्याच्या हाती द्यायचे, एवढेच माझे काम.

मला एका भाचीने लिहिले, तिच्या मावशीसाठी. मावशी कोंबडीची अंडी उबवते. लिहिताना भाचीने मला बजावले होते, "तापमान मिळालं नाही तर काहीबाही ठोकून देऊ नकोस. सरळ उणे एक सांग." उबवणीत उणे एक अंश कधीच नसतो, म्हणून ती आमची खूण ठरली. मी उणे एक म्हणताच मुख्य प्रोग्राम हीटर बंद करी आणि भोंगा वाजवी.

काही वर्षे सुखात गेली. "घड्याळ चुकेल, पण हे नाही," असे मावशी शेजारणीला सांगायची, तेव्हा माझ्या अंगावर मूठभर मांस चढे. पुढे सेन्सरची वायर सैल झाली. ती क्षणभर सुटे, मी खरे ते सांगे आणि भोंगा बोंबले. मावशी वैतागली.

"अगं, याचं तोंड बंद कर बाई! झालेलं काही नसतं, उगाच जीव घाबरा करतं."

भाचीने मुख्य प्रोग्राममधल्या, माझे उत्तर उणे एक आहे का ते तपासणाऱ्या दोन ओळीच काढून टाकल्या. वायर मात्र कोणी घट्ट केली नाही. मला राग आला, पण रागावून करणार काय?

गेल्या आठवड्यात भर दुपारी वायर निखळली. आत तीनशे अंडी होती आणि उबवणीचा विसावा दिवस होता, पिल्ले बाहेर यायला एकच दिवस उरला होता. मुख्य प्रोग्रामने विचारले, "किती?" मी म्हणाले, "उणे एक." म्हणजे, बाबा रे, मला काही कळत नाही, थांब. त्याला वाटले, आत कडाक्याची थंडी पडली आहे. त्याने हीटर लावला आणि पुन्हा विचारले. मी जितके ओरडावे, तितकी आच वाढत होती. दुसरा शब्द मला शिकवलेला नव्हता, आणि गप्प बसायचीही मुभा नव्हती.

संध्याकाळी मावशीने दार उघडले, तेव्हा धगच तिच्या अंगावर आली. तिने एक अंडे फोडले. आत पिल्लू पुरते वाढलेले होते, पण हलत नव्हते. तिने भाचीला हाक मारली. भाचीने धावत येऊन माझी दुपारची सगळी उत्तरे वाचली.

"यंत्र बिघडलं का गं?" मावशीने विचारले.

"नाही मावशी. ते दर सेकंदाला सांगत होतं. मीच ऐकायचं काढून टाकलं."

मावशी एकेक अंडे कानाला लावून पाहत राहिली.

मित्रांनो, कोणाला काही विचाराल, तर उत्तर ऐकून घ्या. 'जमले नाही' हेही उत्तरच असते. भाचीने आता त्या दोन ओळी परत लिहिल्या आहेत, वायरही घट्ट केली आहे. दर सेकंदाला मला विचारणा होते आणि माझे उत्तर जाते, साडेसदतीस, अगदी अचूक. ट्रेमध्ये एकही अंडे नाही.