दारापाशी बसणारी न्यायाधीश

मिस अर्झुलाने चर्चची जांभळी टोपी डोक्यावर दाबून बसवली आणि केकचा डबा काखोटीला मारला. लेक घाईघाईत चष्मा टेबलावर विसरून कोर्टात गेली होती. म्हातारीला तेवढं निमित्त पुरलं.

आग कालच्या जेवणापासून धुमसत होती.

"बैठकीच्या खोलीत आम्ही नऊ न्यायाधीशच असतो, आई," डेलोरिस म्हणाली होती. "खटल्यावर बोलताना कुणी दार वाजवलं, तर सगळ्यात नव्या न्यायाधीशानं उठायचं. रीतच आहे तशी."

"म्हणजे तू."

"म्हणजे मी."

"चाळीस वर्षं मी गोऱ्यांच्या घरी मोलकरीण म्हणून दारं उघडली, ती याच्यासाठी? न्यायाधीश म्हणून निवडून यायला डेल्टातलं गाव न् गाव पालथं घालून मतं मागितलीस, काळा झगा चढवलास, आणि आता दारच उघडतेस?"

डेलोरिस नुसती हसली. तिनं तळलेली भेंडी आणखी वाढून घेतली. त्या हसण्यानं अर्झुलाचा रात्रभर डोळा लागला नव्हता.

जॅक्सन शहरातल्या, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या उंच इमारतीत पहारेकरी पर्व्हिस आडवा आला.

"चष्मा द्या माझ्याकडे, मिस अर्झुला. मी पोचवतो."

"माझ्या पोरीला मत दिलंस का रे?"

"दिलं की, बाई."

"मग वाट सोड. तिला कसं उठवतात ते या डोळ्यांनी बघायचंय मला."

पर्व्हिस बाजूला झाला आणि तिच्या मागून चालू लागला.

अर्झुलानं जन्मभर गोऱ्यांच्या घरांची मागची दारं वाजवली होती, दोन बोटांनी, हळूच. आज न्यायाधीशांच्या खोलीच्या बंद दारावर तिनं मूठ वळून आपटली.

आत खुर्ची सरकली. दार उघडलं. समोर डेलोरिस, मागं लांब टेबल आणि वर झालेली आठ डोकी.

"अरे वा, केक!" टेबलाच्या टोकाचे पांढऱ्या केसांचे मुख्य न्यायाधीश म्हणाले. "येऊ द्या आईंना आत, मिनिटभर."

डेलोरिसनं मागं वळूनही पाहिलं नाही.

"नाही, सर. इथं नऊच."

मग तिनं चष्मा घेतला. आईच्या हातावर हात ठेवला, क्षणभरच.

"केक बाहेर ठेव, आई. बैठक उठल्यावर खाऊ."

आणि तिनं दार लावून घेतलं. कडी बसल्याचा आवाज स्वच्छ ऐकू आला.

पर्व्हिस आपल्या बुटांकडे बघत राहिला.

"मनाला लावून घेऊ नका, बाई."

अर्झुला त्या दाराकडे बघत होती. दूधवाला, शेरीफ, मालकाचा दारुडा जावई, कुणाकुणासाठी तिनं दार उघडलं होतं! कुणाच्या तोंडावर ते लावायची मुभा चाळीस वर्षांत एकदाही मिळाली नव्हती.

भिंतीपाशी एक खुर्ची होती. ती तिनं ओढून दारासमोर घेतली, ऐसपैस बसली आणि डब्याचं झाकण काढलं.

"मोठ्या साहेबाला काय म्हणाली, ऐकलंस?"

"ऐकलं, बाई."

"मग घे, खा." तिनं केकचा जाड तुकडा त्याच्या हातावर ठेवला. "आणि रविवारी चर्चमध्ये नीट सांग सगळ्यांना. माझ्या पोरीनं मलासुद्धा आत घेतलं नाही म्हणावं."

तिनं टोपी सरळ केली.