मागच्या बाजूची ऊब

“पुढं वैशाख आणि मागं पौष! सोनबा, एकाच गाडीत दोन ऋतू कसे हो ठेवता तुम्ही?”

दुर्गाबाई डॉक्टरीण मागच्या सीटवरून उतरल्या त्या दोन्ही हात काखेत घालूनच. चिंचवडच्या त्यांच्या प्रसूतिगृहाच्या अंगणात अजून ऊन पोचलं नव्हतं. सोनबा मात्र पुढं बसून घामाने निथळत होता. ब्रेकवरचा त्याचा पाय चुलीच्या तोंडाशी धरल्यासारखा भाजून निघाला होता.

बोलणं चेष्टेचं होतं, पण हसलं कुणीच नाही. महाळुंग्याची एक बाळंतीण आणि तिचं सातव्या महिन्यात झालेलं मूल पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात पोचवून ते नुकतेच परतले होते. पोचेपर्यंत मुलाची पावलं जांभळासारखी झाली होती. डॉक्टरीणबाई वाटभर ती तळहातांत धरून चोळत होत्या.

“वाचलं ते त्याच्या नशिबानं,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “आपल्या गाडीनं नव्हे. आणि चऱ्होलीच्या शालनचंही लक्षण काही ठीक दिसत नाही मला. दिवस भरायच्या आधीच अडणार ती. घरचे आत्ता पुण्याला पाठवायला तयार नाहीत. म्हणजे ऐन वेळी आपणच न्यायची. तेवढ्यात ही मागची बाजू गरम झाली पाहिजे, सोनबा.”

“करतो, बाई.”

“आई आडवी असते, मूल तिच्या छातीशी असतं. दोघांना काही पुढं नाही बसवता येत.”

“करतो म्हनलं न्हवं.”

गाडी मूळची देहूरोडच्या एका गोऱ्या साहेबाची. साहेब विलायतेला गेला तेव्हा दुर्गाबाईंनी ती विकत घेतली आणि गाडीबरोबर सोनबाही आला, नव्या नवरीबरोबर पाठराखीण यावी तसा. साहेबाला थंडी सोसत नसे, म्हणून गाडीत ऊब देणारं यंत्र होतं. सोनबा त्याला शेगडी म्हणायचा. इंजिनातलं तापलेलं पाणी रबरी नळ्यांतून एका पत्र्याच्या डब्यात फिरायचं आणि पंखा ती ऊब गाडीत फुंकायचा. थोडी पुढच्यांच्या पायांशी, बाकीची पुढच्या सीटखालून गेलेल्या चपट्या पत्र्याच्या नळातून मागच्यांच्या पायांशी. आपल्याकडे थंडी ती किती दिवसांची! त्यामुळे मागची ऊब नेमकी कधी उणावत गेली, हे सोनबालाही सांगता आलं नसतं.

बॉनेट उघडून तो वाकला. त्याची बायको अंबूबाई चहा घेऊन आली. ती याच प्रसूतिगृहात कामाला होती, आणि एरवी गाडीत मागं बसून बाळंतिणींना सांभाळायचं काम तिचंच.

“काय दुखतंय तिचं?”

“वाटलं, नळ्यांत हिरीच्या पान्याची खपली धरली आसंल, पानी आडलं आसंल. पन न्हाई. ह्या नळीला हात लाव. आत जाती ती गरम. आता ही. भाईर येती ती बी गरम. पानी बरुबर फिरतंय.”

“मग पंखा गेला आसंल.”

“पंखा आयकू येतुय की. तुज्यावानी. येकदा सुरू झाला की थांबायचं नाव न्हाई.”

“मी थांबले तर करमंल का तुमास्नी?”

सोनबा हसला. चहा बशीत ओतून त्याने फुंकर मारली आणि बशीवरची वाफ कुठं वाकते ते बघत राहिला. मग एकदम म्हणाला, “देवाम्होरची उदबत्ती आन.”

“गाडीला ववाळताय का काय?”

“आन तर.”

त्याने पंखा चालू ठेवला आणि उदबत्ती पुढं पायांशी ऊब येते त्या तोंडाशी धरली. धूर झपकन आडवा झाला. मग तो मागच्या दारातून आत ओणवा झाला आणि तीच उदबत्ती सीटखालच्या नळाच्या तोंडाशी धरली. धूर पाटीवर ओढलेल्या रेघेसारखा सरळ वर गेला, जरासुद्धा न हलता.

“दुखनं पान्यात न्हाई,” सोनबा म्हणाला. “वाऱ्यात हाय. नळाच्या घशात कायतरी आडकलंय.”

पुढची सीट उचलून त्याने अंगणात ठेवली. नळाच्या तोंडावरची जाळी केव्हाच गळून गेली होती. तारेचा आकडा करून त्याने आत घातला, फिरवला, आणि ओढला. आधी आली धोतराची पांढरी चिंधी. तिच्यामागून लुगड्याचा एक तुकडा. मग गोधडीचं अस्तर, मग मुंडाशाचं टोक, कुणाच्या तरी चोळीची बाही.

“उंदरानं घर केलं म्हनावं तर हितं बाजार भरलाय,” सोनबा म्हणाला.

अंबूबाई पदर तोंडाला लावून हसायला लागली. “आगं बया! ही चिंधी मोशीच्या म्हातारीची. सुनंच्या पायाला वारं लागतंय म्हनून कोंबली व्हती. आन हे लुगडं कौशल्याबाईचं, आपल्या शेजारच्या. लेकीला नेत व्हतो बगा तवा.”

“तू बघत व्हतीस? आन गप ऱ्हायलीस?”

“गप कशाला ऱ्हाऊ? मी बी कोंबलंय की. ती चोळीची बाही माजीच हाय.”

सोनबा तार हातात धरून तिच्याकडे बघतच राहिला.

“आसं काय बघताय? बाळंतिनीला वारं बाधतं. तुमी गाडी सुरू केली की आधी गारेगार वारं सोडता मागं. मानसानं करायचं तरी काय?”

सोनबाने तार खाली टेकवली. तिचं खरं होतं. मागं अडलेली बाई असायची, आपण लवकर ऊब द्यावी म्हणून तो इंजिन सुरू होताच पंखा लावायचा. इंजिन थंड, पाणी थंड, मग वारा तरी गरम कुठून येणार? पाणी तापेपर्यंत मागं कुणी ना कुणी आपलं फडकं फाडून ते तोंड बंद केलेलं असायचं. पुढच्या खेपेची बाई नवं फडकं कोंबायची, जुनं आणखी आत जायचं. निम्मी चूक त्याच्या घाईची आणि निम्मी मागं बसलेल्या सगळ्या आयासासवांच्या मायेची.

“आता पानी तापल्याबिगर पंखा लावायचा न्हाई,” तो पुटपुटला आणि पुन्हा तार आत घातली. “आजून हाय कायतरी. पार तळाला.”

या वेळी तार जड लागली. हलक्या हाताने त्याने ती ओढली. कापड उष्णतेने तपकिरी पडलं होतं, पण उलगडल्यावर आतल्या घडीत हिरवा खण तसाच होता. लहान मुलाची कुंची. पाठीवर रुळणाऱ्या टोकाला लाल गोंडा.

अंबूबाईचं हसू विरलं.

मंजुळा, त्यांची एकुलती एक लेक, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. दुपारी दारात बसून ती ही कुंची शिवायची आणि टाका चुकला की आईला हाक मारायची. वेळ आली आणि अडली, तेव्हा याच गाडीतून सोनबाने तिला पुण्याला नेलं. तिथून ती परत आली नाही. मूलही नाही. नंतर अंबूबाईने गाठोडं कितीदा सोडलं, कितीदा बांधलं. कुंची नव्हती. दवाखान्यातल्या आयांना विचारलं, वाटेत पडली असेल म्हणून सोनबाला रस्ता धुंडायला लावला. पुढं तिने विचारायचं सोडलं.

आता तिने हात पुढं केला. सोनबाने कुंची तिच्या हातावर ठेवली.

“तिनंच घातली,” अंबूबाई म्हणाली. “मी हितं खाली बसले व्हते, तिचं पाय मांडीवर घिऊन. मला म्हनाली, आये, तुज्या पायावर गार वारं येतंय गं. मी म्हनलं, माजं र्‍हाऊ दे, तू तुजं बघ. मग गाठोड्यात हात घालून कायतरी चुळबुळ करत व्हती. मला वाटलं, कळंनं करतीया.”

सोनबाने तार गुंडाळली. गुंडाळलेली तार पुन्हा सरळ केली. मग सीट उचलून जागेवर बसवली. पंखा लावून त्याने मागं उदबत्ती धरली. धूर आडवा झाला.

कुंची अंबूबाईने उकळत्या पाण्यात घातली, दोनदा धुतली आणि तारेवर वाळत टाकली. तपकिरी डाग गेले नाहीत. ती आता ट्रंकेत जाईल, मंजुळेच्या लुगड्याखाली, असं सोनबाला वाटलं.

शालनचा निरोप लगेचच आला. हे तिघे चऱ्होलीला पोचले तेव्हा उजाडत होतं आणि मूल होऊन गेलं होतं. मुलगी. ओंजळीत मावेल एवढी. शालनला बरंच रक्त गेलं होतं. तिला मागं निजवलं, मुलीला तिच्या चोळीत छातीशी धरलं. सासू सुभद्राबाईने सुनेचं डोकं मांडीवर घेतलं आणि अंबूबाई नेहमीसारखी खाली, पायांपाशी बसली. दुर्गाबाई पुढच्या सीटवरून सारख्या मागं वळत होत्या.

“सोनबा, शेगडी?”

“थांबा, बाई. वाईच दम धरा.”

त्याची नजर इंजिनाचा ताप दाखवणाऱ्या काट्यावर होती. बाहेर माळावर दहिवर पडलं होतं. मागून मुलीचा आवाजसुद्धा येत नव्हता. काटा हलेना. पंख्याच्या बटनाकडे जाणारा हात त्याने परत चाकावर आणून घट्ट धरला. दिघीच्या चढाला इंजिन कण्हायला लागलं, काटा वर सरकला, आणि मग त्याने बटन ओढलं.

“आगं बाई, वारं!” सुभद्राबाई ओरडली. “पोरीला वारं लागतंय. फडकं दे गं कुनीतरी!” तिने स्वतःच पदराचा बोळा केला आणि वाकली.

अंबूबाईने तिचं मनगट धरलं. “थांबा, वयनी. आधी हात तर लावून बघा.”

सुभद्राबाईने भीत भीत हात धरला. मग दुसराही धरला. “आता गं बया... हे तर ऊन ऊन लागतंय.”

“माज्या मालकाची शेगडी हाय ती.”

“मालक हिकडं गाडी चालवतोय,” सोनबा पुढून म्हणाला. “त्याला हसवू नगा.”

हळूहळू मागच्या काचांवर वाफ धरली. शालन कुडकुडायची थांबली. मुलीचं डोकं तेवढं उघडं होतं, लिंबाएवढं. अंबूबाईने कमरेची गाठ सोडली आणि कुंची काढली. सोनबाला आरशात ती दिसली. त्याने रस्त्याकडे पाहिलं. कुंची मुलीला इतकी मोठी झाली की कपाळ झाकून ती पार नाकापर्यंत उतरली. अंबूबाईने ती दोन बोटांनी वर सारली, घडी घातली आणि गळ्याशी सैलशी गाठ मारली.

दवाखान्याच्या दारात दुर्गाबाईंनी मुलीची पावलं चाचपली. सोनबाकडे बघून त्यांनी मान हलवली. पावलं गुलाबी होती. मुलीच्या रडण्याचा बारीक आवाज ऐकून आतून कुणीतरी म्हणालं, “अरे वा, बोलते की!”

दुर्गाबाई तिथंच थांबल्या. परतताना गाडीत दोघंच होती. पुढची सीट रिकामी असूनही अंबूबाई सवयीने मागं बसली. आता ऊन चांगलं चढलं होतं. येरवडा मागं पडल्यावर सोनबाने विचारलं, “कुंची?”

“तिथंच ऱ्हायली.”

“परत जाऊ? आनू?”

“कशाला? तिला लागंल की.”

सोनबाच्या मानेवरून घाम ओघळत होता. शेगडी बंद करायला त्याने हात पुढं केला.

“आवं,” अंबूबाई म्हणाली, “आसू द्या वाईच.”

त्याने आरशात पाहिलं. तिने वहाणा काढून बाजूला ठेवल्या होत्या आणि दोन्ही पाय जुळवून त्या पत्र्याच्या तोंडाशी धरले होते. सोनबाने आपल्या बाजूची काच खाली केली, बाहीने कपाळ पुसलं, आणि शेगडी घरापर्यंत चालू ठेवली.